विंगेतलं स्टूल

शाळेच्या माहितीपुस्तकात नाट्यवर्गाबद्दल एक परिच्छेद होता आणि तो नाट्यबाईंनीच लिहिला होता. 'या वर्गात विद्यार्थ्यांची चारचौघांत बोलण्याची भीती कायमची जाते,' असं त्यात छापलेलं होतं. हे लिहिणाऱ्या बाई स्वतः शिक्षकांच्या बैठकीत उठून 'खिडकी जरा उघडू का' एवढंही विचारू शकत नसत. घामाने भिजत बसून राहत.

वर्गातल्या वीस मुलांपुढे मात्र त्यांचा आवाज खणखणीत असे, कारण मुलं म्हणजे काही चारचौघं नव्हेत, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. समोर मोठी माणसं बसली, आणि त्यातून त्यांनी हाताची घडी घातली, की बाईंच्या पाचावर धारण बसायची. एकोणीस वर्षं ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. नाटक बसवणाऱ्याला 'तुम्ही करून दाखवा' असं कोणी म्हणत नाही. पोहायला शिकवणारे मास्तरसुद्धा शिट्टी घेऊन काठावरच उभे असतात, त्यांना कोण पाण्यात ढकलतं?

नाट्यवर्ग तळमजल्याच्या टोकाला भरायचा. पूर्वी तिथे व्यायामाच्या गाद्या ठेवत, आणि दमट दिवसांत अजूनही तसा वास यायचा. एका बाजूला गुडघाभर उंचीचा लाकडी रंगमंच, अर्ध्यावर अडकणारा पडदा, आणि डाव्या हाताला प्लायवूडला काळा रंग फासून केलेली विंग. त्या विंगेमागे एक स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड असल्यामुळे खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली असायची. त्या स्टुलावर कुजबुज बसायची.

कुजबुज हे अर्थातच हजेरीपटावरचं नाव नव्हे. ते वर्गाने दिलं होतं, तेही प्रेमाने. तिच्या आईने प्रवेशाच्या अर्जात 'अपेक्षा' या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलीचा आवाज जरा मोठा व्हावा.' पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिला आपल्या टेबलाशी उभं केलं, हातात एक उतारा दिला आणि समोर बसून म्हणाल्या, "हं, कर सुरू."

"झालं, बाई," ती म्हणाली.

बाईंनी त्याच दिवशी तिला प्रॉम्प्टर केलं. संहिता मांडीवर घेऊन विंगेत बसायचं, आणि कोणी वाक्य विसरलं तर हळूच पुरवायचं. "तात्पुरतं हं," असं बाई म्हणाल्या होत्या. त्याला आता तीन वर्षं झाली होती. तिच्यामागून आलेली मुलं राजे झाली, वकील झाली, एक तर दोन वेळा मेला आणि दोन्ही वेळा त्याला टाळ्या मिळाल्या.

बाईंची अडचणही समजून घ्यायला हवी. असा प्रॉम्प्टर शंभरात एक मिळतो. कुजबुजचा आवाज नेमका त्या एका नटापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. पण तिची खरी हुशारी वेगळीच होती. नट विसरलाय की नुसता थांबलाय, हे तिला कळायचं. बाईंना एकोणीस वर्षांत ते कळलं नव्हतं. एखादं पोर जरा श्वास घ्यायला थांबलं की बाई खालून पुढचं वाक्य ओरडून सांगत आणि त्याच्या थांबण्याची माती होई. कुजबुज मात्र गप्प बसून राही. तिने वाक्य दिलं म्हणजे पोर विसरलेलं असणारच.

वर्गात बाईंचा एकच नियम कडक होता. विंगेतून वाक्य आलं की ते बोलायचं. का, कसं, बरोबर की चूक, हे सगळं नंतर. एकदा ऐन दरबाराच्या प्रवेशात कुजबुजने शेजारच्या मुलाला "पंखा बंद कर रे, पानं उडतायत" असं सांगितलं आणि सिंहासनावरच्या राजाने ते जसंच्या तसं, तलवार उपसून, प्रधानाला फर्मावलं. प्रधानही याच वर्गाचा. त्याने मुजरा करून पंखा बंद केला. बाईंनी राजाला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं.

"संस्थेच्या मंडळाला तुमची ती खोली हवी आहे," ते म्हणाले. "प्रवेश परीक्षांची अभ्यासिका करायची म्हणतायत."

"आणि नाट्यवर्ग?"

"खोली नाही म्हटल्यावर वर्ग कुठे राहतो, बाई? पण अध्यक्ष म्हणाले, एकदा बाईंचं ऐकून घेऊ. गुरुवारी दुपारी. तुम्हाला पाच मिनिटं मिळतील."

"मुलं एक छोटासा प्रवेश करतील, सर. अगदी पाच मिनिटांचा."

"मुळीच नको. मागच्या वेळी मुलांनी प्रवेश केला तेव्हा चिटणीस झोपले होते. तुम्ही बोला. तुमच्या वर्गात भीती कायमची जाते ना? तुम्हीच लिहिलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई "हो सर" म्हणाल्या आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या. या खोलीखेरीज त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर्ग गेला असता तर त्यांना अभ्यासिकेत पर्यवेक्षक म्हणून बसवलं असतं, म्हणजे बोलणाऱ्या मुलांना गप्प करायला.

घरी त्यांनी चार पानांचं भाषण लिहून काढलं आणि स्वयंपाकघरात येरझारा घालत पाठ केलं. भावाने पहिल्याच दिवशी 'उत्तम' म्हणून पळ काढला होता. वहिनी कुठे जाणार? ती शेंगा सोलत होती. चौथ्या खेपेला तिने मान वर केली.

"सगळं छान आहे ग. व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास आहे, सुप्त गुण आहेत, उद्याचे नागरिक आहेत. पण यात तू कुठे आहेस?"

"मी कशाला हवी त्यात?"

"मग मंडळाला चार पानं पाठवून दे की. तू जातेस कशाला?"

बाईंना राग आला. शेंगा सोलणाऱ्या माणसाला भाषणातलं काय कळतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या परत पहिल्या पानापासून सुरू झाल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी त्या चार पानांची नक्कल कुजबुजच्या हातात दिली. तिने ती शांतपणे चाळली. "श्वास कुठे घेणार तिथे रेघ मारून द्या, बाई," ती म्हणाली. "म्हणजे मी मध्ये बोलणार नाही."

बाईंनी रेघा मारून दिल्या. त्या सगळ्या वाकड्या आल्या. कुजबुजने ते पाहिलं. तिला बाईंचं गुपित माहीत होतं. गेल्या वर्षी दोघी पोशाखांच्या घड्या घालत बसल्या होत्या, तेव्हा बाईंनीच आपली भीती बोलता बोलता सांगून टाकली होती. त्याही चौदाव्या वर्षी नाटकाच्या वर्गाला गेल्या होत्या आणि तिथल्या सरांनी त्यांना विंगेत बसवलं होतं. तात्पुरतं.

मंडळाची पाच माणसं दुपारी आली आणि मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य होते. तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता कामाला लागायचं, अशी त्यांची पंचवीस वर्षांची रीत होती. त्यामुळे समोरचा माणूस बोलू शकतो, याचं त्यांना नेहमी थोडं नवल वाटत असे. बसल्या बसल्या त्यांनी हाताची घडी घातली. बाकीच्या चौघांनीही घातली.

बाई रंगमंचावर चढल्या. विंग डाव्या हाताला, दोन पावलांवर होती. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर 'व्यक्तिमत्त्वाचा' म्हटल्यावर त्यांना समोर दहा गुडघे दिसले आणि दातखीळ बसली, तीही दंतवैद्यासमोर.

"सर्वांगीण विकास," विंगेतून आलं.

"सर्वांगीण विकास," बाई म्हणाल्या, आणि गाडी पुन्हा रुळावर आली. तिसऱ्या पानावर आणखी दोनदा तसं झालं. विंगेतून शब्द येतोय, हे खाली कोणाला कळलं नाही. उलट चिटणीस जागे होते, आणि मुख्याध्यापकांनी हे दुरून टिपलं होतं.

चौथं पान सुरू होणार तेवढ्यात अध्यक्षांनी बोट वर केलं.

"एक विचारू का? तुम्ही स्वतः कधी रंगमंचावर काम केलंय?"

हा प्रश्न चार पानांत कुठेच नव्हता. बाईंच्या डोक्यात पांढरा पडदा पडला. आत कोणी नव्हतंच. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि विंगेकडे कान लावला.

"नाही," विंगेतून आलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

"मला भीती वाटते."

"मला भीती वाटते."

खुर्च्या करकरल्या. एकाने हाताची घडी सोडली. बाईंना आपण काय बोललो ते कळलं होतं, पण जिभेला वर्षानुवर्षांची शिस्त होती. वाक्य आलं की बोलायचं, बाकीचं नंतर.

"मग मुलं तुमच्याकडून शिकतात तरी काय?" अध्यक्षांनी विचारलं. या खेपेला ते उत्तराची वाट बघत होते.

विंगेतून आवाज आला, नेहमीसारखाच, फक्त बाईंपर्यंत पोचणारा.

"बोलायला शिकतात," बाई त्या आवाजामागून म्हणत गेल्या. "सगळी नाही. एक मुलगी आहे. तीन वर्षं ती इथे विंगेत बसते आहे. तिला मी एकदाही इकडे उभं केलं नाही."

हे सगळं त्यांनी खणखणीत, शेवटच्या शब्दावर योग्य तो भार देऊन म्हटलं. म्हणून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. कानशिलं तापली. तीन वर्षांत त्या पोरीने एकदाही तक्रार केली नव्हती, आणि केली ती अशी, बाईंच्याच तोंडाने, मंडळासमोर.

"का?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी विंगेकडे कान दिला. तिकडून काही आलं नाही. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. काळ्या प्लायवूडची कड दिसली, स्टुलाचा आखूड पाय दिसला आणि एक कापडी बूट. बूट स्थिर होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बराच पुढे सरकला. बाईंना रडू येत होतं, पण रडण्याचंही वाक्य कोणी देत नव्हतं.

"कारण ती माझ्या सोयीची होती," बाई म्हणाल्या. आवाज एकदम साधा निघाला, घरातला. "तिच्याइतकं चांगलं ते काम कोणी करत नाही. मलाही असंच बसवलं होतं, लहानपणी. मला त्याचा फार राग होता. तरी मी तेच केलं."

त्या नमस्कार करून खाली उतरल्या. आपण स्वतःच्या हाताने वर्गाला कुलूप घातलं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नव्हती.

अध्यक्षांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "मला क्षणभर खरंच वाटलं हो. काय बसवलंय. ते अडखळणं, ते घाबरणं, सगळं किती सहज."

मुख्याध्यापकांनी बाईंना बाजूला घेतलं. ते खूश होते आणि थोडे दुखावलेलेही. "असं काही बसवलंय, हे मला तरी आधी सांगायचंत. मी इकडे घाम पुसतोय."

दोन दिवसांत मंडळाचं पत्र आलं. खोली नाट्यवर्गाकडेच राहील. वर्गाचं नाव यापुढे 'संवादकौशल्य वर्ग' असावं. आणि वार्षिक कार्यक्रमात पालकांसमोर तोच प्रवेश, कोणताही फेरफार न करता, पुन्हा सादर व्हावा. 'फेरफार न करता'च्या खाली अध्यक्षांनी स्वतः रेघ मारली होती, आणि ती अजिबात वाकडी नव्हती.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. एकोणीस वर्षं खरंखुरं नाटक बसवलं तर चिटणीस घोरत होते, आणि जन्मात एकदा खरं बोललं तर त्याचं नाटक झालं. त्यांना हसू आलं, मग ते गेलं. कारण फेरफार न करता म्हणजे बाई रंगमंचावर, कुजबुज स्टुलावर. तीन वर्षं विंगेत ठेवलेल्या मुलीची गोष्ट सांगायला ती मुलगी पुन्हा विंगेतच बसायला हवी होती.

शाळा सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं.

"शेवटी अध्यक्षांनी 'का' विचारलं, तेव्हा तू वाक्य का दिलं नाहीस?"

"तुम्ही विसरला नव्हतात, बाई," कुजबुज म्हणाली. "थांबला होतात."

बाईंनी पत्र पुढे केलं. तिने ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, "चालेल. मी पानं नीट लिहून काढते. त्या दिवशीची सगळी वाक्यं माझ्या लक्षात आहेत."

ती सवयीने विंगेकडे वळलीसुद्धा. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. हो म्हणणं फार सोपं होतं. वाक्यं तयार होती, मंडळ खूश होतं, आणि पोर स्वतःच चालेल म्हणत होती. चौदाव्या वर्षी आपणही चालेल म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं. आपल्याला ते अजिबात चाललं नव्हतं, हेही आठवलं.

"स्टुलावर मी बसते," बाई म्हणाल्या. "बाईंचं काम तू कर."

कुजबुज वळली. तिचे कान लाल झाले. "माझा आवाज पोचणार नाही, बाई."

"कशावरून?"

"तिसऱ्या रांगेपर्यंतच पोचतो. मी मोजलंय."

शाळेच्या मोठ्या सभागृहात, कोणी नसताना, ही मुलगी एकटी वर उभी राहून बोलली असणार. मग खाली उतरून, आपला आवाज कुठवर गेला असेल याचा अंदाज घेत, खुर्च्या मोजत गेली असणार. हे कधी केलंस, असं बाईंना विचारायचं होतं. पण तिने इतकी वर्षं काही विचारलं नव्हतं, तेव्हा आपणही विचारू नये, असं त्यांना वाटलं.

"मग तिसऱ्या रांगेपर्यंत बोल," त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापकांना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर बाईंची साडी नेसलेली कुजबुज उभी होती आणि समोरच्या बुटक्या खुर्चीवर, पांढरा डगला घालून, पंखा बंद करायला फर्मावणारा तो जुना राजा अध्यक्ष होऊन बसला होता. पहिल्या रांगेतल्या खऱ्या अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. पलीकडच्या विंगेतून मुख्याध्यापकांनी हातवारे करून 'हे काय' असं विचारलं. बाईंनी संहितेत डोकं घातलं. वर्गातून आणलेलं स्टूल त्यांच्याखाली भलतंच डुगडुगत होतं. या असल्या स्टुलावर पोर तीन वर्षं न हलता कशी बसली, हे त्यांना कळेना.

कुजबुज बोलू लागली. पहिल्या तीन रांगा ऐकत होत्या, चौथी पुढे वाकली होती आणि त्यामागचे लोक एकमेकांना 'काय म्हणाली?' असं विचारत होते. स्वतःहून ती कुठेच अडखळली नाही. जिथे बाई अडखळल्या होत्या तिथे ती नेमकी तेवढीच अडखळली, आणि बाईंनी विंगेतून "सर्वांगीण विकास" दिलं. आपलं काम बरं चाललंय, असं वाटून बाईंना धीर आला.

"तिला मी एकदाही इकडे उभं केलं नाही," कुजबुज म्हणाली.

"का?" राजाने विचारलं.

कुजबुज गप्प झाली. बाईंनी बोट ठेवून पुढचं वाक्य शोधलं. 'कारण ती माझ्या सोयीची होती.' ती अजून गप्पच होती. विसरली की थांबली? एकोणीस वर्षांत न कळलेली गोष्ट आता ऐन वेळी कुठून कळणार? पलीकडून मुख्याध्यापक ओठ हलवून 'वाक्य द्या, वाक्य द्या' म्हणत होते. बाईंनी तोंड उघडलं. मग त्यांना तो कापडी बूट दिसला. साडीच्या निऱ्यांखालून तो जरासा बाहेर आला होता आणि स्थिर होता. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

"कारण मी तिला कधी विचारलंच नाही," कुजबुज म्हणाली.

हे वाक्य संहितेत नव्हतं. पहिल्या तीन रांगा एकदम शांत झाल्या. "काय म्हणाली?" चौथीने विचारलं. तिसरीने मागे वळून सांगितलं. चौथीने पाचवीला सांगितलं, पाचवीने सहावीला, असं ते वाक्य सगळ्या सभागृहात हळू आवाजात मागे मागे जात राहिलं, आणि तोवर कुजबुज पुढचं न बोलता उभी राहिली. सातव्या रांगेत तिच्या आईला ते शेजारच्या बाईने कानात सांगितलं.

"माझी मुलगी आहे ती," आई म्हणाली. ते रंगमंचापर्यंत ऐकू आलं.

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. आपलं जुनं वाक्य त्यांनी खोडलं आणि वर बारीक अक्षरात नवं लिहून घेतलं.